पळस्पे ते करळ, वाद चालू

किस्से कसे साठतात असं मला कोणी विचारलं, तर माझं उत्तर सोपं आहे. गाडी हलत नाही, म्हणून साठतात! पनवेलहून न्हावा शेव्याकडे रोज कामाला जाणाऱ्या कुणालाही विचारा. पुढे ट्रेलर, मागे ट्रेलर, आणि शेजारच्या ट्रेलरचा ड्रायव्हर खाली उतरून निवांत दात घासतोय. अशा वेळी माणूस काय करणार? आधी मोबाइल बघतो, मग डुलकी काढतो, मग मान दुखायला लागते. शेवटी शेजारच्याशी वाद घालतो.

आमच्या गाडीत हे शेवटचं काम कित्येक वर्षं चालू आहे. आम्ही तिघं एकाच कंटेनर यार्डात नोकरीला. मी वीणा, डॉक्युमेंटेशनला. केतकर सेफ्टी ऑफिसर, रिटायरमेंटला टेकलेले. शास्त्रीय संगीत आणि टेस्ट क्रिकेट, या दोन गोष्टी सोडून जगात बाकी सगळं उथळ आहे असं त्यांचं मत. मुश्ताकभाई सर्व्हेयर, म्हणजे आलेल्या मालात काय फुटलं, काय भिजलं ते बघणारे. पनवेलच्या जुन्या मोहल्ल्यातले, गझलवेडे. आणि चौथा हिराजी, गाडीचा मालक आणि ड्रायव्हर, कोन गावचा. गावात बंगला आहे, गळ्यात आम्हा तिघांकडे मिळून नसेल एवढं सोनं आहे, तरी गाडी स्वतः चालवतो. का, असं विचारलं तर म्हणतो, "घरात बसून बोलू कोनाशी?"

खरं सांगते, मी दमलेय. रस्त्याला दमलेय, यार्डाला दमलेय, आणि या तिघांना तर फारच. तरी सांगते.

*

गाडीचा एक नियम आहे. ज्याचा वार, त्याचं गाणं. सोमवार केतकरांचा.

एका सोमवारी केतकरांनी तोडी लावला. विलंबित. पळस्पे फाट्याला गाणाऱ्या बाईंनी पहिली ओळ म्हटली. मग तीच ओळ पुन्हा म्हटली. मग पहिल्या शब्दावर बराच वेळ थांबल्या. केतकर डोळे मिटून मांडीवर ताल धरून बसलेले. आम्ही गव्हाण फाट्याला पोचलो, तरी बाई त्याच ओळीवर!

हिराजीने दोनदा आरशातून मागे बघितलं. मग हळूच हात पुढे केला आणि म्युझिक सिस्टिमवर एक थाप मारली.

केतकरांनी डोळे उघडले. "काय करतोयस?"

"साहेब, अडकलाय वाटतं."

"अडकलेलं नाही रे! बढत चाललीय. एकेक स्वर घेऊन राग पुढे न्यायचा. याला बढत म्हणतात, बढत!"

हिराजीने काचेतून समोर बघितलं. ट्रेलरची रांग नजर जाईल तिथवर. मग म्हणाला, "साहेब, बढत पायजे ती हितं पायजे. पुढचा ट्रेलर काय बढत नाय!"

*

मंगळवार मुश्ताकभाईंचा. गझल सुरू झाली की ते प्रत्येक शेर संपल्यावर गाणं थांबवतात आणि आम्हाला अर्थ सांगतात. अर्थ सांगताना त्यांचा स्वतःचाच गळा दाटून येतो. मग थोडा वेळ जातो. मग पुढचा शेर. एक गझल जासईपर्यंत पुरते.

केतकरांना हे सोसत नाही. एकदा ते वैतागून म्हणाले, "मुश्ताकभाई, राग मानू नका. पण गझल म्हणजे लंगडं गाणं. शब्दांची कुबडी काढून घेतली की पडलंच!"

मला वाटलं, झालं. आता करळपर्यंत दोघं बोलणार नाहीत.

पण मुश्ताकभाई अदबीने म्हणाले, "केतकर साहेब, आपण भातावर वरण घेता ना?"

"घेतो."

"मग भाताला लंगडा म्हणता का?"

हिराजीने स्टिअरिंगवर हात आपटला. मी पण हसले. केतकर मात्र बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसले. आम्ही यार्डाच्या गेटशी आलो, गार्डने गाडी बघितली, आम्ही आपापले डबे उचलून उतरायला लागलो. तेवढ्यात केतकर वळले.

"मी ताकभात खातो!"

*

माझा वार गुरुवार. माझ्या दिवशी मी काहीच लावत नाही.

दिवसभर कानावर काय काय पडतं ते मलाच ठाऊक. फोर्कलिफ्टचं पीं पीं, थंड कंटेनरच्या मशीनची घरघर, फोनवर पार्टीची आरडाओरड. निदान जाताना तरी कानाला सुट्टी द्यावी, एवढीच माझी मागणी.

पहिल्या गुरुवारी मी तसं सांगितलं. केतकर हळहळले. "नाव वीणा! तुमच्या आईवडलांनी केवढ्या विश्वासाने ठेवलं असेल!"

"शांतता पण गाणंच असते," मुश्ताकभाई माझ्या मदतीला आले.

"असं कसं? शांततेला षड्ज कुठाय?" केतकर म्हणाले. "मागे निदान तानपुरा हवा, तर ती शांतता. नाहीतर नुसतं बंद पडलेलं मशीन!"

"तौबा! दोन ओळींच्या मधे जी जागा असते, ती काय तानपुऱ्याने भरायची?"

"तुमी दोघं बी चुकताय," हिराजी पुढून म्हणाला. "शांतता म्हंजे लाइट गेल्यावर डीजे बंद पडतो ती. तेवा कलतं, आपल्याला कान हायेत."

यावर दोघंही त्याच्यावर तुटून पडले. शांतता म्हणजे नक्की काय, यावर तिघं करळ फाट्यापर्यंत घसा फोडून भांडले. आठवड्यात सगळ्यात जास्त गोंगाट आमच्या गाडीत गुरुवारी असतो.

*

हिराजीचं पहिलं प्रेम टेनिस बॉल क्रिकेट. आमच्या पनवेल-उरण पट्ट्यात हिवाळा लागला की गावोगावी सामने. मांडव, स्पीकर, सिक्स बसला की बँजो. केतकर त्याला क्रिकेट मानायलाच तयार नव्हते. "तो तमाशा आहे! क्रिकेट म्हणजे संयम. चांगला बॉल सोडता आला पाहिजे. बॉल सोडणं ही कला आहे, हिराजी!"

ऐकून ऐकून हिराजी एकदा म्हणाला, "साहेब, आयतवारी या. मॅचच्या आदी पाव्हन्यांची एक ओवर असते. तुमी खेला."

केतकर गेले. पांढरी पँट, पांढरा शर्ट घालून गेले. मी आणि मुश्ताकभाईही मांडवात जाऊन बसलो, सोडतो कशाला! केतकरांनी अंपायरकडून गार्ड घेतला, बुटाने खूण केली, चारी दिशांना फील्डर बघून घेतले. स्पीकरवरचा कॉमेंट्रीवाला खूश झाला, "मंडळी, साहेब आले, तयारीनिशी आले!"

पहिला बॉल ऑफ स्टंपच्या बाहेर पडला. केतकरांनी बॅट उचलली आणि बॉल सोडून दिला.

"साहेबांनी बॉल सोडला!"

दुसराही सोडला. तिसराही. पब्लिकमधून शिट्ट्या सुरू झाल्या. बँजोवाले हात चोळत बसलेले. चौथा बॉल तर सरळ हातात दिल्यासारखा टाकला, केतकरांनी तोही मोठ्या डौलात जाऊ दिला. शेवटी कॉमेंट्रीवाला रडवेला झाला. "अरे, साहेबांना कोनीतरी सांगा रे! हितं सोडलेला परत भेटत नाय!"

सोमवारी सकाळी केतकर गाडीत बसले. चेहऱ्यावर तेज. आम्ही कोणी विचारायच्या आतच म्हणाले, "अख्खी ओव्हर खेळून काढली. नाबाद!"

*

आता जरा वेगळं सांगते.

मधे यार्डात एक नवीन मॅनेजर आला होता. त्याची गाडी यायला वेळ होता, म्हणून काही दिवस आमच्याबरोबर यायचा. पोरगेलासा, चटपटीत, मनाने वाईट नसावा. एकदा काय झालं, आदल्या दिवशी आपण मोठी मॅच हरलो होतो. मुश्ताकभाई सकाळी गाडीत बसले तेच लाल डोळ्यांनी. बसल्या बसल्या केतकरांशी जुंपली. "आपण टॉस जिंकून फील्डिंग घेतलीच कशाला? आपल्याला पीच कळत नाही का?" केतकर कॅप्टनची बाजू घेऊन लढत होते. आवाज चढलेले. नेहमीचंच.

मॅनेजर वाटेत चढला. त्याने मुश्ताकभाईंच्या खांद्यावर थाप मारली आणि हसत म्हणाला, "काय मुश्ताकभाई, काल तुमच्याकडे मजा असेल ना? फटाके-बिटाके?"

हिराजीने आरशातून मागे बघितलं.

मुश्ताकभाईंनी मांडीवरचा डबा सरळ केला आणि बाहेर बघायला लागले. अशी वाक्यं त्यांनी आयुष्यात किती ऐकली असतील कोण जाणे. त्यांचा चेहरा संतापलेला नव्हता. थकलेला होता. ते बघवत नव्हतं.

केतकरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"साहेब," ते मॅनेजरला म्हणाले, "हा माणूस पनवेलपासून माझं डोकं खातोय, की आपण हरलो कसे. आपण! हा शब्द मी इतक्यांदा ऐकला की मला पाठ झाला. तुम्ही एकदा ऐकायला पाहिजे होता."

"अहो, मी जोक केला," मॅनेजर म्हणाला.

"मग जोक चांगला करा. ह्यांच्याशी भांडायला मी आहे. मला मदत नको."

मंगळवार होता. मुश्ताकभाईंचा वार. पण ते म्हणाले, "आज राहू द्या." त्यावर केतकरांनी पुढे हात लांबवून स्वतः त्यांची गझल लावली. शेर संपला की गाणं थांबवायचं, हेही त्यांनीच केलं. मुश्ताकभाई अर्थ सांगेनात, तर केतकर आपल्या मनाने चुकीचा अर्थ सांगायला लागले. इतका चुकीचा, की तिसऱ्या शेराला मुश्ताकभाईंना राहवेना. "जनाब, साकी म्हणजे पाणी भरणारा नव्हे!"

दुसऱ्या दिवशी मॅनेजर त्याच्या स्टॉपवर उभा होता. हिराजीने गाडी थांबवली, काच खाली केली, आणि अगदी नम्रपणे म्हणाला, "साहेब, मागची शीट तुटलीय."

मी त्याच सीटवर बसले होते!

*

केतकरांचे कान गेले, ते हळूहळू. आम्हाला वाटायचं, वादात मुद्दाम दुर्लक्ष करतात. मग डॉक्टरांनी तपासलं आणि कानात मशीन आलं.

मशीन लावून ते पहिल्यांदा गाडीत बसले तेव्हा दचकलेच. "हिराजी, ही गाडी एवढी खडखडते?"

"साहेब, पयल्यापासून."

सोमवार होता. केतकरांनी गाणं लावलं आणि थोड्या वेळात बंद केलं. म्हणाले, "तानपुरा पत्र्याच्या डब्यासारखा वाजतोय." पुढच्या सोमवारी त्यांनी लावलंच नाही. त्याच्या पुढच्याही नाही. वाद घालणं सोडलं. कोणी काही म्हटलं तर "असेल, असेल" म्हणायचे. केतकर आणि "असेल"! मला खरं तर बरं वाटायला हवं होतं. इतक्या वर्षांनी डुलकी काढायची सोय झाली होती. पण डोळा लागेना. खडखड ऐकत नुसती बसायची.

एका सकाळी जासईच्या पुढे गाडी अडकली होती. मुश्ताकभाईंनी माझ्याकडे बघून डोळा बारीक केला आणि मोठ्याने म्हणाले, "वीणाताई, काल हार्मोनियमवर मारवा ऐकला. काय सांगू! सारंगीला तो रंग साधणारच नाही."

केतकर मागे डब्याचं झाकण घट्ट करत बसले.

"उलट मी तर म्हणतो," मुश्ताकभाई पुढे रेटत म्हणाले, "मारवा बनलाच हार्मोनियमसाठी!"

"काय?" केतकर म्हणाले.

"हार्मोनियमसाठी."

"अहो, काय बोलताय काय तुम्ही! त्या पेटीला मींड तरी येते का? एका स्वरावरून दुसऱ्यावर उडी मारते ती, बेडकासारखी! मारव्याचा रिषभ काय बेडकाने लावायचा?"

करळ फाटा आला तरी थांबले नाहीत. गेटवर गार्डने विचारलं, "काय भांडण झालं का साहेबांचं?" हिराजी म्हणाला, "हो, झाला एकदाचा!"

तेव्हापासून त्यांची गाडी रुळावर आहे. फक्त एक नवीन खोड लागलीय. वाद हरायला लागले की केतकर कानातलं मशीन काढून खिशात टाकतात आणि म्हणतात, "हां, आता बोला!"

*

आणि हा शेवटचा.

हिराजीचे वडील गेले. बाळारामबाबा. वय झालं होतं, फार त्रास झाला नाही. दहाव्याला आम्ही तिघं कोनला गेलो. तळ्याच्या काठी सगळं गाव जमलं होतं. भटजींनी विधी उरकले, पिंड ठेवला, आणि सगळे मागे सरून कावळ्याची वाट बघायला लागले.

कावळे होते. समोरच्या चिंचेवर भरपूर होते. पण एकही खाली येईना.

थोरला मुलगा पुढे झाला, हात जोडून म्हणाला, "बाबा, आयेची काळजी करू नका. आमी हाव." कावळे ढिम्म. हिराजी पुढे झाला. "बाबा, रायलेली जमीन इकनार नाय. शप्पत." एका कावळ्याने मान वळवली आणि दुसरीकडे बघायला लागला. सुना झाल्या, पुतणे झाले, बहिणी झाल्या. नातवाच्या लग्नापासून देवळाच्या कळसापर्यंत सगळं कबूल करून झालं. कोणीतरी बाबांची आवडती विडी आणून पिंडाशेजारी ठेवली. ऊन चढत चाललेलं. भटजी घड्याळ बघायला लागले. हिराजीचा चेहरा उतरला होता. इतका मोठा माणूस, पण डोळ्यांत पाणी जमलं होतं. बाप नाराज गेला, हे ओझं घेऊन घरी कसं जायचं?

तेवढ्यात मागून काठीचा आवाज आला. शेजारच्या गावचे दामाकाका. वाकलेले, धोतराचा सोगा हातात, दम लागलेला. लोकांनी वाट दिली.

"हेच ते," हिराजीचा चुलतभाऊ आमच्या कानाशी कुजबुजला. आणि त्याने सांगितलं ते असं. तरुणपणी दोन्ही गावांची कबड्डीची फायनल होती. शेवटची चढाई बाळारामबाबांची. दामाकाकांनी त्यांचा पाय धरला. बाबा पडले, त्यांनी मधल्या लाइनीकडे हात लांबवला, आणि अंपायरने बाद दिलं. गाव हरलं. बाबा म्हणायचे, माझा हात लाइनीला लागला होता. दामाकाका म्हणायचे, नव्हता लागला. त्यावर दोघं आयुष्यभर भांडले. लग्नाच्या पंगतीत भांडले, बाजारात भांडले, जमिनीच्या मोर्चाला एका टेम्पोतून गेले तर टेम्पोत भांडले. बाबा अंथरुणाला खिळले, तरी दामाकाका रोज दुपारी यायचे, उशाशी बसायचे आणि भांडून जायचे.

दामाकाका पिंडापुढे उभे राहिले. चिंचेकडे बघितलं. बराच वेळ नुसते बघत राहिले. शेवटी घसा खाकरून म्हणाले,

"बाळ्या. लागला व्हता हात. लाइनीला लागला व्हता. मी बघितला व्हता."

चिंचेवरून एक कावळा सुटला, सरळ खाली आला आणि पिंडाला चोच लावली.

बायका हुंदके द्यायला लागल्या. लोकांनी हात जोडले. हिराजी दामाकाकांच्या पायावर डोकं ठेवून लहान पोरासारखा रडला. आम्ही काकांना धरून बाजूच्या दगडावर बसवलं, मुश्ताकभाईंनी पाणी दिलं. त्यांनी दोन घोट घेतले, पंच्याने डोळे पुसले.

केतकरांना राहवलं नाही. ते काकांजवळ वाकले आणि स्वतःला हळू वाटणाऱ्या, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "काका, खरंच लागला होता हात?"

दामाकाकांनी चमकून वर बघितलं. मग वळून पिंडाकडे बघितलं. कावळा अजून तिथेच होता.

"कसला लागतोय!" ते दबक्या आवाजात म्हणाले. "चांगला इतभर मागं व्हता. पन तुमी हलू बोला. खाऊन होऊ दे त्याचा."